बुडावरची खूण

सुलक्षणा केळुसकरच्या हातचं भांडं चारचौघांत उठून दिसायचं, आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं. तिची आई सांगायची, भांडं आतून सगळ्याच घासतात, सुनेची पारख होते ती भांडं उपडं घातल्यावर. बुड काळं राहिलं तर लोक भांड्याला नावं ठेवत नाहीत, माहेराला ठेवतात. म्हणून लग्न होऊन कांदिवलीच्या या दोन खोल्यांत आल्यापासून नऊ वर्षं ती प्रत्येक भांड्याचं बुड आधी घासत आली होती. पुढे जे रामायण झालं, ते या गुणापायीच झालं.

घरात भांड्यांच्या बुडांकडे बघणारा आणखी एक माणूस होता, तिचे सासरे मार्तंड केळुसकर. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मूळचे वेंगुर्ल्याकडचे अण्णा बत्तीस वर्षं गोदीत कारकून होते. बोटीतून उतरलेला माल फुटला की त्याचा पंचनामा लिहायचा, हे त्यांचं काम. जपानहून चिनी मातीच्या कपबश्यांच्या, किटल्यांच्या पेट्या यायच्या, त्यातल्या निम्म्या पेट्या हलवल्या की खुळखुळायच्या. कुठल्या कारखान्याचं किती फुटलं ते लिहायचं, आणि कारखाना ओळखायचा तर तुकड्याच्या बुडावरच्या खुणेवरून. इतर कारकून अंदाजे ठोकून द्यायचे. अण्णा भिंग घेऊन बसायचे.

त्यातून त्यांना किटल्यांचा नाद लागला तो लागलाच. जपानी अक्षर त्यांना एक येत नव्हतं. "मी वाचत नाही गो, ओळखतो. तू गर्दीत तुझ्या नवऱ्याला, नंदूला ओळखतेस, तेव्हा त्याच्या कपाळावर नाव असतं काय?" असं ते सुलक्षणाला म्हणत. प्रत्येक खुणेला त्यांनी घरगुती नाव ठेवलं होतं. शिडीवाला, कोंबडीचा पाय, दोन खिडक्या. त्यांच्या जाड वहीत अशा दोनशे चौदा खुणा काढलेल्या होत्या. शेजारी लिहिलेलं असायचं की खूण दाबून उठवलेली आहे की कुंचल्याने काढलेली, निळी की तांबडी, खाली इंग्रजीत 'निप्पॉन' आहे म्हणजे माल जुना, 'मेड इन जपान' आहे म्हणजे त्यानंतरचा. बिल्डिंगमधले लोक त्यांना किटलीवाले अण्णा म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

गेली दोन वर्षं अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होते. ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं. तोवर वही सुलक्षणा लिहायची. दुपारी भांडी आटोपली की ती भिंग लावून खूण बघायची, सांगायची, काढायची, आणि अण्णा सांगतील ते शेजारी लिहायची. आधी तिला हे खूळ वाटायचं. मग हळूहळू तिलाच दुपारची वाट बघावीशी वाटू लागली.

अण्णांकडे अकरा किटल्या होत्या. त्यातल्या एकीवर त्यांचा जीव होता. चोरबाजारात सदुसष्ट साली मिळालेली, मुठीएवढी, पिवळसर अंगावर बारीक फुलं असलेली. तिच्या बुडावर तांबड्या चौकटीत सोन्याने काढलेली खूण होती. वर वर्तुळात अधिकचं चिन्ह, म्हणजे ती बाजू वरची. खाली छत्रीसारखं काहीतरी आणि तीन काठ्या. एकोणीस वर्षांत ही 'छत्रीवाली' खूण अण्णांना दुसरीकडे कुठेही भेटली नव्हती.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात घाटकोपरच्या चंद्रप्रकाश धुरंधरांशी त्यांचा पत्रव्यवहार जमला. धुरंधर निवृत्त प्राध्यापक. जुन्या वस्तूंवर इंग्रजीत लेख लिहायचे, आणि त्यांच्याकडे खुणांच्या फोटोंचं परदेशी पुस्तक होतं. त्यांनी कळवलं, गणपती झाले की येतो, छत्रीवाली पुस्तकाशी ताडून बघू, आणि वही पक्की वाटली तर छापून आणू. अण्णांनी ते पत्र सुलक्षणाकडून चार वेळा वाचून घेतलं. पंचनाम्याखेरीज आपलं लिहिलेलं कुणी मागेल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

आणि मग तीन सप्टेंबरचा बुधवार उजाडला.

गणपती चार दिवसांवर आले होते. मखर दरवर्षी अण्णांच्या किटल्यांच्या कपाटावर बसायचं, म्हणून कपाट रिकामं केलं होतं. सुलक्षणाने समया, ताम्हण, तांबे सगळं खाली काढलं. चिंच भिजवली, इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणली. अण्णा मूर्ती सांगायला गेले होते. छत्रीवाली किटली हातात आली, झाकण उघडलं, तर आत चहाचे तपकिरी थर. चोरबाजारातली वस्तू. कोण कुठल्या परक्यांचं उष्टं, आणि तेही देवाच्या खोलीत! बाकीच्या किटल्या तिने नुसत्या पुसल्या. हिला मात्र तिने काथ्या घेतला, राख घेतली, आणि सवयीने आधी किटली उपडी घातली.

हात थांबला तेव्हा काथ्याला सोनेरी चमक लागलेली होती.

तिने पाणी ओतून बघितलं. तांबडी चौकट होती. छत्री गेली होती, काठ्या गेल्या होत्या, वर्तुळही गेलं होतं. रडायलाही तिला वेळ नव्हता, अण्णा तासाभरात येणार होते.

तेव्हा सांगून टाकलं असतं तर? पुढे हा प्रश्न तिने स्वतःला शंभरदा विचारला. पण तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर फक्त धुरंधरांचं पत्र होतं, आणि ते ऐकताना हसणारे अण्णा. शिवाय 'केळुसकरांच्या सुनेने घालवली' हे वाक्य होतंच. मखरासाठी आणलेली सोनेरी रंगाची डबी कोपऱ्यात होती. वहीत छत्रीवालीचं चित्र होतं, तिनेच नव्याने काढलेलं. लाकडाला रंग नीट धरावा म्हणून तिचा नवरा नंदू आधी पॉलिशपेपर मारायचा, म्हणून तिनेही चौकटीवर पॉलिशपेपर घासला, चांगला खसाखसा. मग बारीक कुंचल्याने खूण काढली. हात तिचा मुळातच सरळ. मूळच्यापेक्षा सुबक उतरली.

संध्याकाळी अण्णांनी रोजच्यासारखी किटली मागितली. मांडीवर घेऊन बुडावरून अंगठा फिरवायचा, ही त्यांची सवय. त्या दिवशी अंगठा जरा जास्त वेळ फिरला.

"घासलंस की काय गो?"

"हो अण्णा. गणपती आहेत ना."

"बरा केलंस," ते म्हणाले, आणि किटली परत दिली.

सुटले बाबा, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाज वाटली. नंदूला तिने सांगितलं, तर तो म्हणाला, "गप बस गं. अण्णांना दिसतंय कुठे? तो म्हातारा येईल, चहा पिईल, जाईल. उगाच वाट लावून घेऊ नकोस." तिला तेवढंच हवं होतं. गणपती आले, गौरी आल्या. आरतीला अण्णा डोळे मिटून टाळ्या वाजवायचे आणि ती त्यांच्याकडे बघायचं टाळायची. दोनदा ती "अण्णा..." म्हणाली. दोन्ही वेळा ते लगेच "काय गो?" म्हणून वळले, हातातलं सोडून. दोन्ही वेळा तिने चहा टाकू का, असं विचारलं.

शनिवारी गौरीबरोबर गणपती गेले. रविवारी, चौदा तारखेला, धुरंधर आले.

अण्णांनी परीटघडीचा सदरा घातला होता. टेबलावर वही, भिंग आणि अकरा किटल्या मांडल्या होत्या. "माझे डोळे म्हणजे ही," असं म्हणून त्यांनी सुलक्षणाची ओळख करून दिली. धुरंधर किरकोळ, नीटनेटके गृहस्थ. त्यांनी वही चाळली, आणि चाळता चाळता त्यांची खुर्ची टेबलाजवळ सरकत गेली. "केळुसकर, हे अफाट आहे हो. गोदीतल्या फुटक्या तुकड्यांवरून केलंत हे सगळं?" अण्णा नुसते हसत होते. तो चेहरा सुलक्षणाला पुढे कधी विसरता आला नाही.

मग त्यांनी छत्रीवाली उचलली. भिंगातून बघितलं. खिशातून कापूस आणि छोटी बाटली काढली, कापूस ओला केला आणि खुणेच्या कडेला लावला. छत्रीची एक बाजू कापसावर आली. त्यांनी सगळी खूण पुसली. खाली ओरखडेच ओरखडे होते.

त्यांनी कापूस टेबलावर ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "केळुसकर, हा रंग बाजारातला आहे. महिन्याभरातला. आणि खालची मूळ खूण खरवडून काढली आहे. हे कोण करतं तुम्हाला माहीत आहे. नव्या मालावरची खूण काढायची आणि जुनी चढवायची, हा बाजारातला धंदा आहे."

सुलक्षणा दाराशी ट्रे घेऊन उभी होती. आता, असं ती मनात म्हणाली. आता बोल. ट्रे तिने आणखी घट्ट धरला.

"मीच केलं ते," अण्णा म्हणाले.

"तुम्ही?"

"खूण पुसट झाली होती. वाटलं, उजळून घ्यावी. चूक झाली."

"दिसत नसताना?" धुरंधरांनी विचारलं. अण्णांचा हात किटलीकडे गेला. धुरंधरांनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी अण्णांच्या पुढ्यात सरकवली. "मग यातलं तरी किती जसंच्या तसं आणि किती उजळून घेतलेलं, हे मी कसं सांगू? छापायचं तर माझं नाव जातं. माफ करा." चहा न घेताच ते उठले. दाराशी त्यांनी ट्रे धरलेल्या सुनेला नमस्कार केला, तो तिला लागला.

सुलक्षणा अण्णांच्या पायाशी खाली बसली आणि तिला हुंदका आवरेना.

"रडतंस कित्याक?"

"अण्णा, ते मी..."

"माका ठावक आसा. पयल्याच दिवशी कळला." अण्णांनी किटली चाचपून घेतली. "सोन्याची खूण हाताला लागत नाही गो. ती पातळ असते, मातीवरच्या काचेच्या झिलईत मुरलेली. तुझी छत्री बोटाला लागत होती. वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील. दोनदा हाक मारलीस, तेव्हा वाटलं, आता. आज तू दाराशी होतीस ना? तेव्हाही वाट बघितली थोडी. मग बोललो."

यापेक्षा ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"वही घे," ते म्हणाले. "लिही."

तिने वही उघडली. मग उठून अण्णांच्या जुन्या पेटीतून कार्बनपेपर आणला, वहीच्या पानावर तो ठेवून वर सुटा कागद घातला. कागदाची सळसळ संपेपर्यंत अण्णा थांबले. लिहिण्याची गोष्ट आली की त्यांची मालवणी सुटायची आणि गोदीतली मराठी सुरू व्हायची.

"छत्रीवाली. सोनेरी खूण घासली गेल्यास घाबरू नये. वर काही चढवू नये. तोंडाची वाफ सोडून तिरक्या उजेडात धरावी. सोनं गेलं तरी त्याची जागा काचेवर राहते, ती वाफेत दिसते आणि वाचता येते." ते थांबले. "लिहिलंस?"

सुलक्षणाचा हात थांबला होता. म्हणजे काथ्याने काही गेलं नव्हतं. त्या बुधवारी किटली घेऊन ती अण्णांसमोर गेली असती, तर त्यांनी वाफ सोडून छत्री परत दाखवली असती. खूण मेली ती पॉलिशपेपरने. झाकायला गेली म्हणून मेली.

"लिहिलं," ती म्हणाली. मग न विचारता खाली आणखी लिहू लागली. बराच वेळ पेन चालताना ऐकून अण्णांनी मान वळवली.

"काय लिहितेस एवढं?"

तिने वाचून दाखवलं. "'ही खूण मी, सुलक्षणा नंदकुमार केळुसकर, राखेने घासली, पॉलिशपेपरने खरवडली आणि तिच्यावर मखराचा रंग चढवला. वहीतल्या बाकीच्या खुणांना कुणी हात लावलेला नाही. अण्णांना मी काही सांगितलं नाही. धुरंधरसरांसमोर त्यांनी माझा दोष स्वतःवर घेतला, तेव्हा मी तिथेच उभी होते आणि गप्प राहिले.' वरचा कागद उद्या मी स्वतः घाटकोपरला नेऊन देते."

"आणि त्याने नाही विश्वास ठेवला तर?"

"नाही ठेवला तर नाही."

अण्णांनी मान हलवली. पंचनामा लिहिणाऱ्याने तो विचार करायचा नसतो, असं ते नव्या कारकुनांना सांगत. आणखी एक गोष्ट सांगत, ती त्यांनी आता विचारली.

"तारीख?"

"घालते. आजची."

"दोन घाल," अण्णा म्हणाले. "घासलंस ती आणि बोललीस ती. मधले दिवस वाचणारा मोजून घेईल."

तिने तीन सप्टेंबर लिहिलं, त्याखाली चौदा सप्टेंबर लिहिलं, आणि दोन्ही तारखा मोठ्याने वाचून दाखवल्या.