विक्रीखात्याचं इंग्रजी

ओतकामाच्या त्या कारखान्यात त्याला सगळे टिचकी म्हणत, तोंडावर टिचकीसाहेब. तेवीस वर्षं तो तिथे क्वालिटी इन्स्पेक्टर होता, आणि तेवीस वर्षं ओतलेल्या लोखंडावर छोटी हातोडी मारून आवाज ऐकत होता. धड वस्तू खणखणते. आतून चीर गेलेली बद्द वाजते. सवय इतकी अंगात मुरली होती की घरी नवा कप आला तरी आधी नखाने टिचकी, मग चहा. बायको म्हणे, लग्न ठरलं तेव्हा यांच्या खिशात हातोडी नव्हती म्हणून मी वाचले.

इंग्रजी त्याला येत नव्हतं असं कुणी म्हणू शकलं नसतं. चारशे-चारशे पानांची इंग्रजी मानकं तो पेपर वाचावा तशी वाचे. त्याच्या इंग्रजी अहवालातला स्वल्पविराम हलवायची कुणाची टाप नव्हती. बोलायची वेळ आली की मात्र दातखीळ बसे. तेवीस वर्षांत ती वेळ आली नव्हती, म्हणून निभावलं.

मग कारखाना विकला गेला. नवे मालक परक्या मुलखातले. त्यांनी फर्मान काढलं की सही करायचा अधिकार असलेल्या प्रत्येकाची वीस मिनिटं इंग्रजीत मुलाखत होईल. पास झाला त्याची खुर्ची कायम, नापास झाला त्याने घरी जावं. पहिल्या सोमवारी भट्टीवरचा सुपरवायझर आत गेला आणि नऊ मिनिटांत बाहेर आला. बुधवारी त्याच्या लॉकरला दुसऱ्याचं कुलूप होतं. भट्टीवाला टिचकीपेक्षा चार वर्षांनी लहान होता, आणि तरीही त्याला कुठे काम मिळत नव्हतं. टिचकी बावन्न वर्षांचा होता. त्याची मुलाखत तीन आठवड्यांवर होती.

तो दोन संध्याकाळी एका क्लासला जाऊन आला. तिथे वीस-बावीस मुलं आपापलं नाव, गाव आणि आवडता रंग सांगत होती. दुसऱ्या संध्याकाळी मास्तरांनी त्याचा लेखी नमुना पाहिला आणि पुढच्या तुकडीला दाखवायला त्याच्याकडूनच एक पत्र लिहून घेतलं. वर सांगितलं की तुम्हाला शिकवावं असं माझ्याकडे काही नाही. तुमच्या कानावर बोलणं पडलं पाहिजे, आणि ते जिभेवर आलं पाहिजे.

त्याची भाची विक्रीखात्यात होती. गिऱ्हाइकांशी झालेले फोन तिथे नवख्यांच्या सरावासाठी रेकॉर्ड करून जपून ठेवत. तिने मामाला चाळीस फोन दिले. सगळे विक्रीप्रमुखाचे. त्याच्याइतकं लोण्यासारखं इंग्रजी अख्ख्या कारखान्यात कुणाचं नव्हतं. भाचीने युक्तीही सांगितली: मामा, अर्थाच्या मागे लागू नका, तो तुम्हाला येतोच. नुसतं त्याच्या मागोमाग, अर्धा श्वास मागे राहून, तसंच्या तसं बोलत जा.

टिचकीने हे तपासणीच्या शिस्तीने केलं. रोज दोन फोन, प्रत्येक फोन वीस वेळा. एका वहीत खुणा, अडखळलं की लाल, न अडखळता गेलं की हिरवी. कामावर चालत जाताना कानात तोच आवाज आणि ओठांवर तेच शब्द. रस्त्यातली माणसं त्याला वळसा घालून जाऊ लागली. जेवणाच्या सुट्टीत तो तपासणीच्या खोलीचं दार लावून घेई आणि रचलेल्या लोखंडाला उद्देशून सांगे की आपली गैरसोय आम्हाला पूर्णपणे मान्य आहे. वजन चार किलोंनी उतरलं. झोपेत बोलतो म्हणून बायको दुसऱ्या खोलीत गेली.

"पोपट परवडला," ती म्हणाली. "त्याच्यावर निदान कापड टाकता येतं."

दुसऱ्या आठवड्यात तिने त्याला विचारलं की न्हाणीघराचा नळ आज दुरुस्त होणार का. त्याच्या तोंडून सरावाच्या ओघात इंग्रजी बाहेर पडलं, लांबलचक, गोड, एकही अडखळ नाही. ती क्षणभर ऐकत राहिली.

"छान वाटलं हो कानाला," ती म्हणाली. "पण हे होय होतं की नाही होतं?"

तो हसला. वहीत हिरवी खूण केली. नळ गळतच राहिला.

मुलाखत गुरुवारी अकराला होती. मॅनेजरच्या खोलीत नव्या मालकांकडून आलेल्या क्वालिटीच्या बाई बसल्या होत्या आणि शेजारी मॅनेजर. बाईंनी नाव-अनुभव विचारला. ते पाठच होतं. मग त्यांनी समोरचा कागद उचलला. लिफ्टच्या ब्रेकमध्ये बसणारे साठ ओतीव दांडे, म्हणजे आर्म, टिचकीने मंगळवारी लाल कार्ड लावून अडवले होते. गिऱ्हाईक थांबलं होतं. बाईंनी विचारलं की हा माल शुक्रवारपर्यंत पोचू शकतो का.

प्रश्न त्याला लख्ख कळला. उत्तरही मनात लख्ख होतं. साठापैकी तीन बद्द वाजले आहेत. साचे घाईने फोडले, लोखंड आतून निवायच्या आधीच त्याला वारा लागला. आज खणखणणारे सत्तावन्नही उद्या चिरतील. साठच्या साठ फोडून पुन्हा भट्टीत टाका. पण हे त्या चाळीस फोनांत कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. तो शब्द शोधायला लागला. एक सेकंद गेला, दोन गेले. मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं. टिचकीला लॉकरवरचं ते परकं कुलूप दिसलं, जबडा आवळायला लागला, आणि त्याच क्षणी जीभ आपणहून सुटली.

आपली अडचण मी पूर्णपणे समजू शकतो, तो म्हणाला. बाब किरकोळ आहे. आपण मिळून मार्ग काढू, आणि माल वेळेत पोचेल याबद्दल आपण निश्चिंत असावं.

विक्रीप्रमुखाचा चढउतारही जसाच्या तसा उतरला होता. बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी आणखी तीन प्रश्न विचारले, तो वाहतच गेला. अठराव्या मिनिटाला त्यांनी हात पुढे केला. पास.

भाचीने जिन्यातच मिठी मारली. त्याने बायकोला फोन केला तेव्हा पलीकडून नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याला भूक लागली. आपण काय बोलून बसलो हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते नुसतं बोलणं होतं. माल सुटतो तो सहीने, आणि सही त्याच्या खिशातल्या पेनात होती. तेवीस वर्षं असंच होतं.

तीनच्या सुमाराला तो आवारात आला तर साठ आर्म पेट्यांत भरून ट्रकजवळ पोचले होते. पेट्यांवर हिरवी कार्डं होती. गोदामवाला दोरी आवळत होता.

"हे कुणी सोडलं?"

"तुम्हीच की, साहेब," गोदामवाला म्हणाला. "सकाळी मीटिंगमध्ये होय म्हणालात ना? आता तोंडी चालतं. वरून कॉम्प्युटरवर आलंय." मग त्याने दाद दिल्यासारखं हसून म्हटलं, "फाडफाड बोललात म्हणे."

टिचकीने उघड्या पेटीतल्या एका आर्मवर हातोडी मारली. खणखणला. दुसरा खणखणला. चौथा बद्द वाजला, ओल्या लाकडासारखा. मंगळवारी वाजला होता तोच. त्याच्यावर त्याची खडूची खूण अजून होती. त्याला लिफ्टमधली माणसं दिसली वगैरे काही नाही. त्याला फक्त तो आवाज ऐकू आला, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करणं त्याला कधी जमलं नव्हतं.

त्याने ट्रकवाल्याला सांगितलं, थांब. एका हातात बद्द आर्म, दुसऱ्या हातात धड, असा तो जिना चढला. प्रत्येकी सहा किलो. आत प्रयोगशाळेतल्या बाईंची मुलाखत चालू होती. त्याने दार ढकललं, दोन्ही आर्म टेबलावर ठेवले आणि तोंड उघडलं.

काहीच आलं नाही. जे यायला तयार होतं ते सगळं गोड होतं: क्षमस्व, गैरसोय, निश्चिंत असा. तो एकेक वाक्य घशाशी अडवत उभा राहिला. मग त्याने धड आर्मवर हातोडी मारली. खोलीभर घुमलं. मग बद्दवर मारली. घुमलं नाही.

"नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "माल नाही जाणार. साठ. सगळे. फोडा."

क्वालिटीच्या बाई शांतपणे म्हणाल्या की सकाळी आपण वेगळं म्हणाला होता.

"सकाळचं..." त्याच्या कपाळावर घाम आला. "सकाळचं पाठ. मी पाठ केलं. मी चूक." तो थांबला, श्वास घेतला. "लोखंड आत तुटलं. हे बोलणं माझं."

हातोडी त्याच्याकडून टेबलावरच राहिली. बाईंनी ती उचलली, स्वतः दोन्हींवर मारून पाहिली. पुन्हा एकदा मारली. मग मॅनेजरला म्हणाल्या की ट्रक रिकामा करा. त्यानंतर त्यांनी टिचकीच्या सकाळच्या निकालाचा कागद वर काढला. त्या जे बोलल्या त्यातला शब्द न् शब्द त्याला कळला. कळण्याची अडचण त्याला कधी नव्हतीच. जो माणूस न पटलेल्या गोष्टीला इतक्या सफाईने होकार देतो, त्याचा सकाळचा निकाल ग्राह्य धरता येणार नाही. आणि आत्ताचं बोलणं या पदासाठी लागतं त्या पातळीचं नाही. सोमवारी कळवू.

मॅनेजर त्याच्याबरोबर दारापर्यंत आला आणि हळू आवाजात मराठीत म्हणाला, "खालीच ट्रक अडवून बसायचं होतंत. मी मालाचं बघितलं असतं काहीतरी. वर कशाला आलात?"

"काय बघितलं असतं तुम्ही?" टिचकीने विचारलं. मॅनेजरने दार लावून घेतलं.

खाली गोदामवाला पेट्या उतरवत होता, या वेळी न हसता. टिचकीने हिरवी कार्डं काढली, लाल लावली. लाल कार्डावर कारण इंग्रजीतच लिहावं लागे. त्याने उभ्याउभ्या, पेटीवर कार्ड ठेवून तीन ओळी लिहिल्या. त्यात कुणाला एक शब्द इकडचा तिकडे करता आला नसता.

भाचीचा फोन येऊन गेला होता, बायकोचे दोन. बायकोने आज लवकर या, असंही लिहून पाठवलं होतं. तो लॉकरपाशी गेला. कुलूप त्याचंच होतं. त्याने सवयीने त्यावर नखाने टिचकी मारली, मग ते उघडलं, आतला डबा, जुना चष्मा आणि खुणांची वही पिशवीत भरली. लॉकर रिकामा झाला. मग कुलूप काढून तेही पिशवीत टाकलं.