अडलेला ज

आमचे हे छापखान्यात प्रुफं तपासायचे. बोलताना ह्यांचा शब्द अडतो, त्यातून ज असला की संपलंच. म्हणून जावयाला हे 'आपल्या लेकीचा नवरा' म्हणतात आणि 'जेवलीस का'ऐवजी 'भोजन झालं का' विचारतात. नवीन लग्न झालं तेव्हा मला वाटलं, कुठल्या पंडिताच्या गळ्यात पडले गं बाई!

पुढे मी शहाणी झाले. ह्यांनी तोंड उघडायचा अवकाश, पुढचा शब्द माझा तयार. दुकानदारासमोर, व्याह्यांसमोर, डॉक्टरांसमोरसुद्धा. तीस वर्षं मी स्वतःचीच पाठ थोपटत होते.

परवा ह्यांच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता. मालकांनी गळ घातली, जन्म शब्दांत घालवलात, एखाद्या शब्दावर बोला. तर ह्यांनी निवडावा कोणता? 'जिद्द'!

"अहो, 'चिकाटी' घ्या, 'हट्ट' घ्या. चारचौघांत हसं होईल."

"नाही. एकदा तरी तो माझ्या तोंडून पुरा होऊ दे," हे म्हणाले. "आणि तू मधे बोलायचं नाहीस."

"नाही बोलत, अडलंय माझं खेटर!" असा राग आला म्हणता!

छापखान्यात यंत्रं बंद करून सगळे कागदाच्या गठ्ठ्यांवर बसले होते. हे उभे राहिले. "ज... ज... ज..." डोळे मिटलेले, कपाळावर घाम. बाइंडर हळूच शब्द पुरवायला गेला, त्याच्याकडे मी असे डोळे वटारले की गप्पगार झाला. माझीही जीभ शिवशिवत होती. ती दाताखाली धरली. जीव नुसता तीळतीळ तुटत होता.

"...जिद्द!"

आला एकदाचा! मग गाडी सुटली. मूळ अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आलेला. तिकडे त्याचा अर्थ विरुद्ध, उलट. "आपल्याला जे अडवतं, त्याच्या उलट जायचं," हे म्हणाले. त्यात दोनदा ज आला. अडखळले, पण सोडला नाही.

घरी परतताना हे म्हणाले, "तू खरंच गप्प बसलीस! मला वाटलं, हिला बरं नाही की काय."

किती शब्द मी ह्यांच्या तोंडातून ओढून घेतले, आणि त्याला मदत म्हणत राहिले! माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. पण गळा असा दाटून आला की 'मा'च्या पुढे गाडी सरकेना.

हे रस्त्याच्या कडेला थांबले. माझं वाक्य पुरं होईपर्यंत माझ्याकडे बघत उभे राहिले, मधे एक अक्षर बोलले नाहीत.