वस्तादची गाडी विकणे आहे

जाहिरात बायकोनेच लिहिली, डाव्या हाताने, फोनवर एकेक अक्षर शोधत. ‘विकणे आहे. गोल दिवे, चौकोनी बांधा, कॅनव्हासचं छत. दिसायला जुनी, आतून नवी. चिखल, दगड, चढ, कुठेही चालते. एकाच मालकाची. कुठेही मार लागलेला नाही.’ शेवटचं वाक्य वस्ताद तिच्या डोक्यावर उभा राहून सांगत होता. तिने मुकाट्याने लिहिलं. गाडीबद्दल ते खरंच होतं.

मार लागला होता तो तिच्या उजव्या हाताला. मधली दोन बोटं लाकडी पट्टीला बांधलेली होती आणि सुजून जांभळी पडली होती.

वस्तादचं टायरचं दुकान होतं, पण जीव सगळा दगडांवर गाडी चढवण्यात. जिथे बाकीचे चढ बघूनच हात जोडायचे तिथे हा शीळ घालत वर जायचा, म्हणून लोक वस्ताद म्हणायचे. त्यातली निम्मी वस्तादी बायकोची आहे हे कुणाच्या टाळक्यात कधी शिरलं नाही. खडा चढ चढताना ड्रायव्हरला समोर बॉनेट आणि आभाळ, एवढंच दिसतं. चाकाखाली काय आहे ते पुढे उभ्या असलेल्या माणसाने हाताने सांगायचं. बोटं स्वतःकडे वळवली की ये. पंजा झुकेल तिकडे स्टीअरिंग. मूठ मिटली की थांब. हे सगळं उजव्या हाताने. डावा हात वर गेला तर मात्र जिवाशी गाठ, सगळं सोडून ब्रेक. सोळा वर्षं ती त्याच्या गाडीपुढे उलटी चालत आली होती. घरात तिच्या शब्दाला कवडीची किंमत नव्हती, पण दगडावर वस्ताद तिच्या बोटांच्या हुकमात असायचा. खोटं कशाला बोला, ती पाच-दहा मिनिटं तिला आवडायची.

गेल्या रविवारी तिची मूठ जरा उशिरा मिटली. टायरची कड दगडाला घासली, बाकी काही नाही. घरी आल्यावर वस्तादने गाडीचा मागचा दरवाजा उघडला, तिचा हात मनगटाला धरून चौकटीवर ठेवला आणि दरवाजा आपटला. नीट बसला नाही म्हणून पुन्हा आपटला. मग आत जाऊन पाणी प्यायला. तिने तोंडातून ब्र काढला नाही, कारण खिडकीपलीकडे लेक अभ्यासाला बसली होती.

एवढ्यावर निभावलं असतं तर तिने तेही गिळलं असतं. पण मंगळवारी वस्तादने जाहीर केलं, की ही गाडी विकून मोठी घ्यायची, आणि मोठ्या गाडीपुढे लेक उभी राहील. “तुझा हात गेला आता कामातून,” तो म्हणाला. जणू हात आपणहून कुठे गेला होता! लेक चौदाची. त्याने तिला त्याच संध्याकाळी घराच्या आवारात भिंतीपुढे उभं केलं आणि बंपर तिच्या गुडघ्याला टेकेपर्यंत गाडी पुढे आणली. भीती मोडायला, म्हणे. पोरगी बाजूला सरकली. वस्ताद खाली उतरला, शांतपणे घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि तिच्या थोबाडीत अशी लगावली की ओठ फाटून हनुवटीवर रक्त आलं. मग परत गाडीत बसला. “चल, पुन्हा.”

त्या रात्री आईने ओठाला बर्फ लावत मनाशी ठरवलं, की काही झालं तरी ही पोर त्या बॉनेटपुढे उभी राहणार नाही. कसं, ते तिला माहीत नव्हतं.

शनिवारी गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक म्हणजे दातांचा डॉक्टर. मऊ हात, कडक इस्त्री, स्वतःची नवीकोरी गाडी आणि तिच्या पुढे विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढायचं यंत्र, ज्याचा पोलादी दोर आजवर एकदाही उलगडला नव्हता. जुन्या बाजाची गाडी त्याला दवाखान्यासमोर शोभेला हवी होती. तरी दगडावर चढताना बघायची, असा त्याचा हट्ट. सगळे गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत गेले.

“आज पोरगी हात दाखवेल,” वस्ताद म्हणाला.

“अहो, आजच्या दिवस मी राहते ना,” बायको घाईघाईने म्हणाली. “गिऱ्हाइकासमोर पोर भांबावली तर व्यवहार फिसकटेल.”

वस्तादने तिच्या पट्टीकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये एवढी अक्कल त्याला होती. “बरं. पण उद्यापासून ती.”

“वहिनी, बोटांना काय झालं?” डॉक्टरने विचारलं.

“दरवाजात सापडली. वेंधळी आहे,” वस्तादनेच उत्तर दिलं.

डॉक्टरने मान हलवली. पण दातांचा डॉक्टर माणसाच्या तोंडाकडे आधी बघतो. लेकीच्या ओठावरची खपली त्याने नीट बघितली आणि त्याचं हसू मावळलं. लोकांच्या तोंडात बोटं घालून जन्म काढलेल्या माणसाचीच तेव्हा दातखीळ बसली होती.

चढ म्हणजे एकावर एक तीन दगडी पायऱ्या, प्रत्येक गुडघ्याएवढी. उजवीकडे खडकाची भिंत, डावीकडे ठिसूळ कडा आणि खाली चार-पाच माणसं उंचीची उतरती घळ. लेक बाजूच्या ढिगाऱ्यावर चढून उभी राहिली. आई वर जाऊन उभी राहिली आणि तिने उजवा हात पुढे केला. पहिली पायरी. दुसरी. चांगली उरलेली बोटं ती स्वतःकडे वळवत होती, प्रत्येक वेळी खांद्यापर्यंत कळ जात होती. इंजिन गुरगुरत होतं, बॉनेट आभाळाकडे गेलं होतं आणि त्या दोन गोल दिव्यांच्या वर काचेत वस्तादचे डोळे तिच्या पंजाला चिकटलेले होते.

तिसऱ्या पायरीवर डावं चाक कड्यावर आलं. कड्याची माती भुरभुरू लागली. इथे थांबायचं होतं.

तिने मूठ मिटायला घेतली. मनापासून घेतली, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. अंगठा वळला, करंगळी वळली. बांधलेली दोन बोटं ताठ पुढे राहिली आणि नुसती थरथरली. वस्तादला वाटलं, ये म्हणतेय. त्याने ॲक्सिलरेटर दाबला.

तिचा डावा हात मांडीजवळ लोंबत होता. मोकळा, धडधाकट. तिला तो आठवला. ‘उद्यापासून ती’ हे शब्दही आठवले. हात तिने हलवला नाही.

कडा सुटला. गाडी आधी हळूच कलली, आणि मग एकदम. पहिल्या कोलांटीत छत फाटलं, दुसऱ्या कोलांटीत समोरची काच अख्खी निखळून उडाली आणि तिसरी अर्धी कोलांटी घेऊन गाडी घळीत ड्रायव्हरच्या बाजूवर आदळली. लोखंड चिरडल्याचा आवाज खाणीच्या भिंतींवरून परत आला. त्यानंतर वस्तादचा.

ती घसरत, गुडघे सोलत खाली पोचली. वस्ताद जिवंत होता. पाय दबलेल्या डॅशबोर्डखाली अडकलेला, कपाळाची कातडी भुवईपर्यंत लोंबलेली, एक डोळा रक्ताने भरलेला. टाकीतून पेट्रोल टपटपत होतं आणि सायलेन्सर अजून तापलेला होता. डॉक्टरने रुग्णवाहिकेला फोन लावला, आपली गाडी घळीच्या तोंडाशी आणली आणि विंचचा दोर ओढून वस्तादच्या गाडीला अडकवला.

“इथून मला काही दिसत नाही,” तो ओरडला. “कुणीतरी हाताने सांगा!”

“पोरीला उभी कर!” आतून वस्ताद बोंबलला. “दोराजवळ! तुझा हात कामाचा नाही, मारशील मला!”

ताणलेला दोर तुटला तर माणूस मधोमध कापला जातो. हे वस्तादनेच तिला शिकवलं होतं. लेक ढिगाऱ्यावरून उतरून खरंच पुढे यायला निघाली. सवयीने, भीतीने, बाप म्हणतोय म्हणून. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तू जागेवरून हलू नकोस!” तिने लेकीला दरडावलं. मग ती काचेच्या रिकाम्या चौकटीशी वाकली. “नाही उभी करणार तिला. तुझ्यापुढे नाही आणि कुणापुढे नाही.”

वस्तादचा मोकळा हात सापासारखा बाहेर आला. त्याने तिची पट्टी पकडली आणि पिळली. अडकलेला, रक्ताळलेला, मरणाच्या दारात, तरीही त्याला नेमकी तीच दोन बोटं सापडली. आत काहीतरी कट्कन मोडलं. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. डाव्या हाताला गाडीतून उडालेला जॅकचा दांडा लागला. तो तिने उचलला आणि त्याच्या मनगटावर हाणला. त्याने सोडलं नाही. पुन्हा हाणला. सोळा वर्षं साठलेलं सगळं त्या हातात उतरलं होतं. चौथ्या की पाचव्या घावाला हाडाचा आवाज आला आणि पकड सुटली. त्याने हात सोडल्यावरही तिने आणखी एक घाव घातला, आणि तो आधीच्या सगळ्यांपेक्षा जोरात होता.

मग तिने दांडा टाकला, दोरापासून दहा पावलं दूर उभी राहिली आणि डाव्या हाताने डॉक्टरला खुणावलं. ओढ. हळू. थांब. अजून. गाडी कण्हत चाकांवर आली. आत वस्ताद गुरासारखा ओरडत होता. तिने घाई केली नाही आणि वेळही काढला नाही, जसं काम तसंच केलं.

रुग्णवाहिकेतल्या माणसाने वस्तादचं मनगट चाचपलं. “हे कशाने झालं?”

वस्ताद एका डोळ्याने बायकोकडे बघत राहिला. बायकोने झोडपलं, हे वस्तादने कुठल्या तोंडाने सांगायचं?

“गाडी उलटली ना,” डॉक्टर मध्येच म्हणाला. दांड्याचे घाव त्याला ऐकू आले होते, आणि त्याच्या आवाजाला पहिल्यांदाच धार आली होती. “त्यातच झालं.”

रुग्णवाहिका गेली. मायलेकी डॉक्टरच्या गाडीत मागच्या सीटवर बसल्या. आईचा हात फडक्यात गुंडाळून मांडीवर होता. ती मनात हिशेब जुळवत होती. गाडी भंगारात जाईल. त्याचा हात काही महिने उठणार नाही. तोवर पोरीला घेऊन बहिणीकडे जायचं, ते कायमचं. पोर वाचली होती. या सगळ्याचा चिखल तिच्या अंगावर उडाला नव्हता. एवढं एकच तर हवं होतं.

“आई,” लेक खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली.

“काय गं?”

“ढिगाऱ्यावरून मला चाक दिसत होतं. कड्याची माती सुटताना दिसली. तुझ्या आधी दिसली.” तिने फुटक्या ओठावरून जीभ फिरवली. “मी ओरडले नाही.”

आईने पोरीला जवळ ओढलं, दुखऱ्या हातासकट घट्ट धरलं, आणि सगळ्या रस्त्याभर सोडलं नाही.