सहावा पंच

गौरी यायच्या आदल्या दिवशी, सकाळच्या आरतीला, खारवाडीच्या गावकीच्या गणपतीचा शेला निळ्याचा गुलाबी झाला.

झाला म्हणजे झटकन नाही. आधी खालच्या काठाला जांभळट झाक आली, मग ती चोरपावलांनी वर सरकली, आणि कापूर विझेपर्यंत देवाच्या खांद्यावर दातांच्या हिरडीच्या रंगाचा शेला दिसायला लागला. पन्नास माणसांच्या हातातले टाळ थांबले. बाहेर पाऊस कोसळतोय, आत ओल्या कपड्यांची वाफ कोंदलेली. तेवढ्यात कुणीतरी हळूच म्हणालं, "कोपला."

सगळ्यांत मागे पोपट खांबाला टेकून उभा होता. हा कोप कुठल्या बरणीतून निघालाय, ते गावात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

पोपट रोह्याजवळ धाटावला कंपनीत होता, लॅबमध्ये. गावात तो "केमिस्टच्या हाताखाली" म्हणून सांगायचा. खरं तर बाटल्या धुवायचा, आणि ओल शोषून गुलाबी पडलेले खडे ओव्हनमध्ये भाजून परत निळे करायचा. चार वर्षं खडे भाजले, तेव्हा कुठे साहेबांनी दसऱ्याला परमनंट करायचा शब्द दिला होता.

खड्यांचा रंग का बदलतो ते म्हात्रे मॅडमनी त्याला एकदा समजावून सांगितलं होतं. "ह्यात कोबाल्ट असतो, पोपट. हवेत ओल आली की पाण्याचे सहा रेणू त्याला धरतात. चौघं चार बाजूंनी, एक डोक्यावर, एक पायाखाली. झाला गुलाबी. तापवलास की पाणी पळतं आणि त्या जागी क्लोराईड येऊन धरतो. झाला निळा. मधला तोच असतो रे. धरणारे बदलले की रंग बदलतो."

"आणि त्याला म्हणायचं काय?"

"गुलाबी असताना हेक्झाअक्वाकोबाल्ट. आधी धरणारे किती ते सांगायचं, हेक्झा म्हणजे सहा; मग धरणारे कोण ते, अक्वा म्हणजे पाणी; आणि मधल्याचं नाव शेवटी."

पोपटला हे फार आवडलं. खारवाडीच्या गावकीतही मधे दाजी आणि भोवती सहा पंच. फरक इतकाच, की तिथे मधल्याचं नाव शेवटी घेतलं तर नारळ डोक्यात बसायचा.

उन्हाळ्यात लॅबची साफसफाई निघाली. कोबाल्टच्या मिठाची एक जुनी बरणी 'नष्ट करणे'च्या यादीत आली. नष्ट केली अशी सही पोपटने केली आणि बरणी डब्याच्या पिशवीत घालून आणली. चोरी म्हणून नाही हो, हौस म्हणून. त्याचा मामेभाऊ विठू पेणजवळ जोह्याला गणपती रंगवायचा. गावकीची मूर्ती त्याच्याच कारखान्यातून यायची. असा निळा पेणच्या बाजारात कुणी बघितलासुद्धा नसेल, एवढं एक वाक्य ऐकायला पोपट आसुसला होता.

"ओल लागली तर रंग बदलंल," त्याने विठूला बजावलं होतं. "वरनं वॉर्निश मार. आणि हाताला लावून घेऊ नको."

"वॉर्निश मारलं की देव प्लास्टिकचा दिसतो," विठू म्हणाला. "आमच्या तीन पिढ्यांनी शेल्याला चकाकी आणली नाय. तू बाटल्या धू." कारखान्यात मूर्ती सुकवायला दिवसभर मोठे दिवे लावलेले. त्या उबेत शेला मोराच्या मानेसारखा निळा राहिला. विठू खूश, पोपट खूश, दाजी तर इतके खूश की त्यांनी मूर्तीसमोर दोन हॅलोजन लावले.

आता दाजी त्याच मूर्तीसमोर डोळे बारीक करून उभे होते. दाजी गावकीचे म्होरके. गावात कुणाची सोयरीक, कुणाचा बांध, कुणाचं मयत, दाजींच्या होकाराशिवाय पुढे सरकत नसे.

"उंदीर," दाजी म्हणाले.

सगळ्यांनी मान हलवली. देवाच्या पायाशी ठेवायचा चांदीचा उंदीर यंदा पेटीत सापडला नव्हता. पेटीची किल्ली दाजींच्या कमरेला, म्हणून इतके दिवस तो विषय कुणी काढला नव्हता.

"चोर आरतीत हाय. देवाला दिसला, देव लाल झाला." दाजींनी माणसांवरून नजर फिरवली. "बाहेर व्हा सगळी."

सगळी बाहेर झाली. हॅलोजनच्या उबेत तासाभरात शेला परत निळा झाला. आता तर शंकाच उरली नाही. चोर बाहेर, देव शांत.

पोपट देवळाच्या ओटीवर मिटलेली छत्री धरून उभा होता. सांगायचं तर आत्ताच. पण दाजींच्या उजव्या हाताला केरू उभा होता. केरू सहा पंचांतला एक, आणि दुर्दैवाने धाटावच्या त्याच कंपनीच्या गेटवर वॉचमन. केरूच्या कानावर गेलं ते साहेबांच्या टेबलावर गेलं. पोपटने छत्री उघडली आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खारवाडीत परीक्षा सुरू झाली. एकेकाने आत जायचं, देवाच्या पायावर हात ठेवायचा, "उंदीर मी नेला नाय" म्हणायचं आणि निघायचं. सहा पंच भिंतीला टेकून शेल्यावर नजर लावून बसले. लाईट होती, हॅलोजन तापलेले, माणूस एकेक आणि तोही कोरडा. शेला निळाच. जनू सुटला, मालू सुटली, पोपटसुद्धा सुटला. देवाने आपल्याला सोडलं तेव्हा त्याला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

शेवटी आली गोदूकाकी. मिठागरावर राबणारी एकटी बाई, खाडीच्या बंधाऱ्यापलीकडे राहणारी. पोपट लहान असताना बंधारा फुटला की त्याला खांद्यावर बसवून शाळेत पोचवायची. बंधाऱ्यावरून चालत आली म्हणजे भिजून चिंब. लुगड्यातून पाण्याच्या धारा लागलेल्या.

"काय गो, एवढा उशीर?" दाजींनी विचारलं.

"भरती होती. भरतीला सांगता का तुमी, दाजींनी बोलावलंय, थांब जरा म्हणून?"

ओटीवर कुणीतरी खुदकन हसलं. काकीने देवाच्या पायावर हात ठेवला आणि त्याच वेळी लाईट गेली. रोजची वेळ होती लोडशेडिंगची. पण देवळात कोण घड्याळ बघतंय? हॅलोजन विझले, "काय झालं, काय झालं" करत ओटीवर झड खाऊन भिजलेली सगळी माणसं आत घुसली आणि काकीच्या पाठीवर रेलून बघायला लागली. दारातून येणाऱ्या उजेडात शेल्याच्या काठाला जांभळट झाक आली. काकी तिथेच उभी. हिरडीचा रंग वर सरकत राहिला.

"मिळाली," दाजी म्हणाले. आवाज एकदम मऊ.

"मी उंदीर घेऊन काय करू, दाजी? माझ्या घरात खरे उंदीर उपाशी मरतात."

"गोदूबाई, आमी तुला काय करणार नाय. फक्त उद्यापासनं कुणी तुझ्याशी बोलणार नाय. मिठागरावर नाय, विहिरीवर नाय." मग पंचांकडे वळून समजावलं, "वाळीत हा शब्द कुणी काढायचा नाय. पोलीस आले तर विचारतील, काय बोललात? आपण सांगायचं, आमी तर बोललोच नाय."

काकीने देवाच्या पायावरचा हात काढला नव्हता.

"रंग हाय तो!" पोपट ओरडला. आपलाच आवाज त्याला परका वाटला. "दाजी, देव कोपला नाय. रंगच तसला हाय. पाणी लागलं की गुलाबी."

"मग पाण्याने रंग जातो. बदलतो कसा?"

"पाणी त्याला धरतं. सहा जागी."

"धरतं? पाण्याला काय हात हायत?"

आता हे तोंडाने सांगणं पोपटला जमेना. मॅडमनी सांगितलं तेव्हा किती सोपं वाटलं होतं. "सहा माणसं द्या, करून दावतो," तो म्हणाला. "मधे एक पाहिजे."

"मधे मी," दाजी म्हणाले. दुसरं कोण असणार?

चार पंचांनी चार दिशांनी दाजींना धरलं. पोपट म्हणाला, एक डोक्यावर पाहिजे. केरू हलका, त्याला खांद्यावर चढवलं. एक पायाखाली पाहिजे. जगन पंचांत सगळ्यांत जाड, त्याला उताणा झोपवून त्याच्या पोटावर दाजींना उभं केलं. "झालं," पोपट म्हणाला, "आता तुमी गुलाबी. ह्याचं नाव घेताना आधी सहा, मग पाणी, आणि दाजी शेवटी."

"शेवटी?" असं म्हणून दाजी वळले. जगनच्या पोटाने तेवढंच निमित्त धरलं.

केरू दाजींच्या मुंडाशावरून पुढे गेला, दाजी जगनच्या मांडीवर आपटले, चौघांनी जे हाताला लागेल ते धरलं, आणि एकाच्या हाताला दाजींचं धोतर लागलं. मूर्ती वीतभर अंतराने वाचली. आधी गोदूकाकी हसली, मग ओटीवरच्या बाया, मग सगळी खारवाडी. चाळीस वर्षांत खारवाडी दाजींवर पहिल्यांदा हसली.

दाजी हसले नाहीत. धोतर सावरत जमिनीवरूनच त्यांनी विचारलं, "रंग आणला कुणी?"

हसणं थांबलं. काकी पोपटकडे बघत होती. केरूही बघत होता, कपाळाचं टेंगूळ चोळत. पेणच्या बाजारातून आला असं म्हणायची सोय होती. पण मग अशी पावडर कुठल्या दुकानात मिळते, ते दाखवायला लागलं असतं. दाखवता आलं नसतं, आणि काकी चोरच राहिली असती.

"मी," पोपट म्हणाला. "कंपनीतनं."

कोळशाची तापवलेली इस्त्री आणून त्याने शेल्याजवळ धरली. काठ निळा झाला. मग तोंडाची वाफ सोडली, बऱ्याच वेळाने का होईना, गुलाबी झाला. गावाने डोळ्यांनी बघितलं. दाजींनी तीनदा करायला लावलं. मग म्हणाले, "गोदूबाई, तू जा घरी."

काकी सुटली.

"आणि पोपट," दाजी त्याच मऊ आवाजात म्हणाले, "तू आमचा देव बाटवलास."

पुढच्या शिफ्टला तो धाटावला गेला तर गेटवर केरू. "पास दाखव," केरू म्हणाला. चार वर्षांत त्याने कधी पास मागितला नव्हता. पास दाखवला तर तो खिशात घालून म्हणाला, "साहेब म्हणाले, आत सोडू नको." एवढं बोलला तेही गेटवर होता म्हणून, गावात असता तर बोललाच नसता.

खारवाडीत कुणीच बोलेना. दुकानदार त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायचा. विहिरीवर गेला की बाया कळश्या उचलून निघायच्या. गौरी-गणपती खाडीत गेले. पोपट बंधाऱ्यावरून लांबूनच बघत राहिला. पाण्यात जाताना शेला एकदा गुलाबी चमकला आणि विरघळला.

विसर्जनाच्या तिसऱ्या दिवशी पेणहून मोरू सोनार आला. भर देवळासमोर त्याने रुमाल सोडला. आत चांदीचा उंदीर, लखलखीत. "दाजी, ज्येष्ठात पॉलिशला टाकून गेलात ते आलाच नाय. म्हटलं आपणच पोचवावा."

आता तरी? पोपट धावत देवळात गेला. दाजींनी उंदीर हातात उलटसुलट करून बघितला. मग पंचांना म्हणाले, तोंडाने पंचांना आणि कान पोपटकडे, "उंदीर चोरीला गेलाच नव्हता. म्हणजे चोर नव्हता. तरी देव लाल झाला. म्हणजे देव खोटं बोलला. आपला देव आजवर खोटं बोलला होता?"

"नाय," सहा जण म्हणाले.

"मग त्याला खोटं बोलायला शिकवलं कुणी?"

त्या संध्याकाळी पोपट घरात दिवा लावून बसला होता. खिडकीत त्याने कापसाचा एक बोळा ठेवला होता, त्याच बरणीतल्या उरल्यासुरल्या पावडरीच्या पाण्यात बुडवून, दिव्यावर सुकवलेला. बाकी कुणी बोलत नाही, निदान हा तरी हवा सांगतो. बोळा निळा होता.

दार ढकलून गोदूकाकी आली. चिंब. पदराखाली भाताची थाळी. "जेव," ती म्हणाली.

"काकी, जा. कुणी बघितलं तर तुलाबी..."

"बघितलंय. बंधाऱ्यावर उभे हायत, छत्र्या घेऊन. मी सहा मोजले." ती खाली बसली आणि लुगड्याचा काठ पिळला. "जेव म्हटलं ना!"

खिडकीतल्या बोळ्याला जांभळट झाक आली होती.

पोपटने दाराच्या फटीतून बघितलं. समोर जनूच्या भातात एक छत्री. मागच्या खिडकीतून दुसरी. डावीकडे एक, उजवीकडे एक. कुणी हाक मारत नव्हतं, कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मग कौलांवर पावलं वाजली. हलकी, केरूसारखी. लाईटची तार जिथे घरात शिरते तिथे ती थांबली, काहीतरी तुटलं आणि दिवा गेला.

अंधारात काकीने त्याचा हात घट्ट धरला.

"किती झाले रे?" तिने विचारलं.

"पाच."

दोघांनी कान दिले. बाहेर पावसाचा आवाज. मग जोत्याखाली, जिथून नळाचा पाईप येत होता तिथे, अगदी त्यांच्या बुडाखाली, कुदळीचा पहिला घाव पडला.