माझ्या शेंगांत सोडलेले किडे

मी एक जुना शोभेचा वृक्ष आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. तुमच्यापैकी एकही माझा मित्र नाही.

एका रोपवाटिकावाल्याने माझं बी परमुलखातून मागवलं. फाटकाशेजारी मला लावलं, जीव लावून वाढवलं. पाचव्या वर्षी मी पिवळ्या घोसांनी असा लगडलो, की रस्त्याने जाणारे थबकायचे. "काय देखणं झाड आहे हो!" म्हणायचे आणि माझी रोपं घेऊन जायचे. तेव्हा माझ्या शेंगांचं कुणाला वावडं नव्हतं.

माझं बी ओढ्यात पडलं, वाहत गेलं आणि खाली रोपवाटिकावाल्याच्या धाकट्या बहिणीच्या कुरणात रुजलं. माझ्या लेकरांनी तिथे गवताला डोकं वर काढू दिलं नाही. ओढाही आटवला. मला त्याची लाज वाटत नाही. वाढणं हा माझा गुन्हा असेल, तर मला आणणाऱ्याला काय म्हणाल?

बहीण अकरा वर्षं कुऱ्हाड चालवत राहिली. एक तोडलं की बुंध्यातून चार फुटायची. शेवटी चाऱ्यावाचून तिची गुरं गेली. त्या दिवशी ती फाटकात उभी राहून भावाला म्हणाली, "दादा, हे झाड तरी ठेव, नाहीतर बहीण तरी."

"अगं, माझ्या हाताने वाढवलंय ते."

"आणि मला कुणी वाढवलं? आई गेल्यावर?"



पुढच्या बहरात त्याची मुलगी आली. ती कीटकांचा अभ्यास करायची. तिच्या हातात जाळीचा डबा होता आणि आत तांदळाच्या दाण्याएवढे सोंडवाले किडे.

"बाबा, झाड मरणार नाही. हे कोवळ्या शेंगांत अंडी घालतात. अळ्या फक्त बी खातात."

"आणि उद्या माझ्या बागेवर तुटून पडले म्हणजे?"

"सहा वर्षं बंद खोलीत तपासलेत. उपाशी मेले, पण दुसऱ्या कुठल्या बीला तोंड लावलं नाही. तेव्हा कुठे परवानगी मिळाली."

मला वाटलं, तो तिला हाकलून देईल. त्याने माझी खालची फांदी धरली आणि स्वतःच वाकवून तिच्यासमोर आणली. शेवटचा किडा शेंगेवर चढेपर्यंत त्याने फांदी सोडली नाही. ते मी विसरणार नाही.

त्याला सात वर्षं झाली. मी अजून फुलतो. शेंगा धरतात, फोडल्या तर आत भुसा. जमिनीत दडलेलं जुनं बी उगवलं, की बहीण ते उपटून टाकते. नवं येतच नाही. कुरणाच्या कडेला गवत परतलंय. परवा ती दोघं भावंडं माझ्याखाली चहा पीत हसत बसली होती. सावली आवरून घेता आली असती, तर तीही मी दिली नसती.

मित्रांनो, माझी कीव करू नका. पण पुन्हा एखादं देखणं रोप दुरून आणाल, तेव्हा फुलांवर भाळण्याआधी त्याचं बी कुठवर जातं ते विचारा. मला कुणी विचारलं असतं, तर मी खोटं बोललो नसतो.