एकाच जाळ्यातले दोन लेपे

किरणोत्सर्ग मोजायच्या केंद्रात याशिरोबाईंनी लेप्याचे काटे काढले आणि त्याचा बारीक खिमा करायला घेतला. तो मासा पकडून आणलेल्या, समोर उभ्या हात्सुओचा जीव तीळतीळ तुटत होता. फुकुशिमाच्या किनाऱ्यावर असा लठ्ठ लेपा काय रोज लागतो?

"अहो, मासा आहे तो. चटणी कसली करताय?"

"भांड्यात गच्च भरल्याशिवाय यंत्र मोजत नाही, काका. आणि आज तुम्ही इकडे कसे? इतकी वर्षं तर आम्हाला नावं ठेवत होतात."

खोटं नव्हतं. अणुभट्टी फुटून तिचं पाणी समुद्रात गेलं, बऱ्याच काळाने होड्या पुन्हा निघाल्या, तेव्हापासून हात्सुओ बंदरावर छाती ठोकून सांगायचा, माझा मासा स्वच्छ आहे, त्यात मोजायचंय काय?

"लेक आलीय नागोयाहून," तो म्हणाला. "सहावा महिना आहे. आजवर भ्यायची, इथल्या माशाला शिवायची नाही. आता म्हणते, बाबा, तुमच्या हातचा लेपाच हवा."

यंत्राने बराच वेळ घेतला. हात्सुओ त्याच्या जाड झाकणाभोवती घुटमळत राहिला.

"आत काही दिसतं का हो?"

"दिसत नाही, वास नाही, चव नाही. म्हणून तर मोजायचं." बाईंनी पडद्यावर पाहिलं. "काही सापडलं नाही. निर्धास्त खा."

"हा लगदा खाऊ?"

लगदा दारातल्या मांजरीने फस्त केला. त्याच जाळ्यातला दुसरा लेपा घरी होताच. तो हात्सुओने आलं आणि सोयाच्या रसात मंद शिजवला. वासानेच लेकीच्या, कोझुएच्या, तोंडाला पाणी सुटलं. तिने काड्यांनी एक तुकडा उचलला.

हात्सुओने तिचं मनगट धरलं.

"काय झालं, बाबा? यंत्रात काही निघालं नाही म्हणालात ना?"

"नाही निघालं." तो अडखळला. "त्या माशात."

"हा त्याच जाळ्यातला ना?"

"हो."

त्याला स्वतःची लाज वाटली, पण मनगट सुटेना. शेवटी कोझुएनेच तुकडा परत ठेवला. हात्सुओने ताटली आपल्याकडे ओढली आणि तो भराभरा खायला लागला, कातडीसकट. कोझुए बघत बसली.

"चव कशी आहे?" तिने विचारलं.

"पूर्वी होती तशीच आहे," मान वर न करता तो म्हणाला.