विहिरीचं तीर्थ

अंबत्तूरच्या शाखेत माझी बदली झाली तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते, आणि त्या वयात मला जाड चष्मा टाकून काँटॅक्ट लेन्स वापरायची हौस आली. कोल्हापुरात असते तर मैत्रिणींनी यथेच्छ टर उडवली असती. इथे बघायलाच कोणी नव्हतं. बँकेत सगळे तमिळमध्ये हसायचे आणि मी त्यांच्यामागून, न कळता हसायचे.

बिल्डिंगमध्ये मराठी बोलणारं माणूस एकच, वरच्या मजल्यावरच्या तुळजाअक्का. तंजावरकडच्या, सत्तरीच्या, माझ्यासारख्याच एकट्या. रोज सकाळी पूजा आटोपली की त्या पंचपात्र घेऊन खाली यायच्या आणि माझ्या तळहातावर पळीभर तीर्थ घालायच्या. मी ते प्यायचे आणि ओला हात डोळ्यांना, मग डोक्याला लावायचे, लहानपणी आईनं शिकवलं तसं. मग पाच मिनिटं गप्पा. दिवसभरात माझं मराठी बोलणं व्हायचं ते एवढंच.

ते २००४ साल. नळ कोरडे, सगळी बिल्डिंग कॅनचं पाणी विकत घेऊन पीत होती. अक्काही प्यायच्या, पण देवासाठी ते त्यांना चालेना. कोण जाणे कुणी भरलेलं पाणी सोवळ्यात कसं घ्यायचं? म्हणून परसातल्या जुन्या विहिरीच्या तळाला उरलेल्या पाण्यातून त्या देवापुरती कळशी स्वतः ओढायच्या.

ऑगस्टमध्ये माझा उजवा डोळा लाल झाला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी विषाणूचा संसर्ग म्हणून तीन आठवडे औषध दिलं. डोळा पांढुरका झाला आणि कळा अशा की मी उशी चावायचे. शेवटी मोठ्या नेत्ररुग्णालयात गेले. डॉ. विद्युलतांनी बुबुळ जरासं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.

"अमीबा आहे," त्या म्हणाल्या. "पाण्यात, मातीत मोकळा राहणारा जीव. लेन्सनं बुबुळ खरचटलं की आत शिरतो. औषध लागलं की कवच करून बसतो, थांबलं की बाहेर येतो. त्यामुळे महिनोन्‌महिने चिकाटी ठेवावी लागेल. सुरुवातीला तासातासाला थेंब. घरी कोण आहे?"

"आहेत एक," मी म्हटलं.

ते औषध दुकानात मिळत नसे, रुग्णालयातच पातळ करून बाटलीत भरून देत. उजेडानं माझा डोळा गच्च मिटायचा. अक्का बोटानं पापणी वर धरून थेंब सोडायच्या. रजेवर होते, त्यामुळे आता त्या तासातासाला यायच्या. लाज वाटते सांगायला, पण दुखत असूनही ते दिवस मला आवडले. सकाळच्या थेंबानंतर त्या तीर्थात बोट बुडवून माझ्या मिटल्या पापणीवर फिरवायच्या. "देव बरं करील गे."

महिन्यानं डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सुधारायला हवा होता. डोळ्याला कुठलं पाणी लागतं का? नळाचं, विहिरीचं?"

मी नाही म्हटलं. खोटं बोलले नाही. तीर्थाला पाणी कोण म्हणतं?

जिना उतरताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी कठडा धरून उभी राहिले. सांगावं तर अक्का तुटतील, न सांगावं तर डोळा जाईल. दोन दिवस मी गप्प बसले, पापणीवर ते बोट फिरू दिलं. इतकी मूर्ख मी जन्मात कधी झाले नव्हते. तिसऱ्या दिवशी मी त्यांचं मनगट धरलं आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्याच हातानं?" त्यांनी विचारलं. मी त्यांचं मनगट सोडलं.

त्यांनी पंचपात्र कुंडीत रिकामं केलं आणि वर गेल्या. मला वाटलं, संपलं. तासाभरानं आल्या, साबणानं दोनदा हात धुतले, थेंब घातला आणि न बोलता गेल्या. त्यानंतर रोज तेच. तासाचे दोन तास झाले, मग दिवसाला चार थेंब. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या जिना उतरायच्या, एकही वेळ चुकवायच्या नाहीत, पण एक शब्दही बोलायच्या नाहीत. त्या प्रायश्चित्त घेत होत्या आणि मी त्यांची वाट बघत होते.

मार्चमध्ये डॉक्टरांनी औषध बंद केलं. अमीबा गेला होता. बुबुळावर वण राहिला, त्या डोळ्यानं आता धुक्यातलं दिसतं. "हे साधे थेंब," त्यांनी दुसरी बाटली दिली. "डोळा कोरडा वाटला तरच घाला. तुमचं तुम्हाला जमेल."

घरी येऊन मी ती बाटली जुन्या बाटलीच्या जागी ठेवली. चार वाजता अक्का आल्या. हात धुतले. मी मान मागे टाकली. थेंब पडला, गार, जराही न झोंबणारा.

टोपण लावता लावता त्या थांबल्या. सहा महिन्यांनी पहिल्यांदा बोलल्या.

"अजून किती दिवस गे?"

"डॉक्टर म्हणतात, निदान वर्षभर तरी," मी म्हटलं.